झुकलेली पापणी : उपचार की निर्मितीत फेरफार?

फज्रच्या नमाजनंतर कुरआनपठणासाठी बसलेली एखादी वृद्ध दादी तुम्ही पाहिली असेल. कदाचित ती तुमच्याच घरात असेल. एका हाताने ती रेहालवरील ओळ धरते आणि दुसऱ्या हाताचे बोट कपाळाला टेकवून भुवई वर ओढून धरते. बोट काढले की वरची पापणी पडद्यासारखी खाली येते आणि ओळ दिसेनाशी होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, चष्मा बदलला, तरी ही अडचण उरलीच. डॉक्टर सांगतात, पापणीवरची जास्तीची कातडी काढावी लागेल. दादी म्हणते, "आता या वयात चेहरा बदलून अल्लाहसमोर जाऊ का मी?"

दुसऱ्या घरात दोन वर्षांचे मूल आहे. जन्मापासून त्याची डावी पापणी झुकलेली. समोरचे पाहायचे असेल तर ते हनुवटी वर करून मान मागे टाकते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "अल्लाहने त्याला असेच घडवले आहे. त्याच्या निर्मितीत आपण हात घालू नये."

तिसऱ्या घरात एक तरुणी आहे. तिच्या डोळ्यांना काहीही झालेले नाही. मात्र लग्नाच्या बोलण्यांत कोणीतरी म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण डोळे झोपाळू दिसतात." तेव्हापासून ती मोबाईलवर भुवया उंचावून देणाऱ्या शस्त्रक्रियांची छायाचित्रे पाहत असते.

वाचकहो, या तिघांनाही एकाच शस्त्रक्रियागृहाचा दरवाजा दिसतो आहे. तिघांच्या ओठांवर प्रश्नही एकच आहे : हे वैध आहे का? परंतु तिघांचे उत्तर एक असू शकते का? या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू या. कारण येथे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. जे अल्लाहने मोकळे ठेवले आहे त्यावर बंदी घालणे ही एक चूक आणि ज्यापासून त्याने सावध केले आहे त्याला 'उपचार' असे नाव देऊन पदरात पाडून घेणे ही दुसरी चूक.

आधी दुखणे समजून घेऊ

न्यायनिवाड्यापूर्वी प्रकरण नीट समजून घ्यावे लागते. 'पापणी झुकली' या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली म्हणजे पापणीच खाली येणे. वैद्यकशास्त्र याला 'टोसिस' म्हणते. वरची पापणी उचलण्यासाठी अल्लाहने एक स्वतंत्र स्नायू दिला आहे, त्याला 'लिव्हेटर' म्हणतात. निरोगी डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा एक-दोन मिलिमीटर भागच झाकते. वयानुसार या स्नायूला पापणीशी जोडणारा पातळ पडदा ताणला जातो किंवा सुटतो आणि पापणी बाहुलीपर्यंत उतरते. काही बालकांत हा स्नायू जन्मतःच दुबळा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे पापणी जागेवर असूनही तिच्यावरची कातडी सैल होऊन घडीसारखी लोंबणे. तिसरी म्हणजे भुवईच खाली सरकणे. असे वयामुळे होते, तसेच चेहऱ्याच्या अर्धांगवायूमुळेही होते. मग खाली आलेली भुवई पापणीवर भार टाकते.

शस्त्रक्रियाही त्याप्रमाणे वेगळ्या असतात. स्नायूत काही जोर शिल्लक असेल तर तो आखूड करून किंवा पुढे ओढून पुन्हा जोडतात. स्नायू अगदीच निकामी असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला एका पट्टीने टांगतात. ही पट्टी रुग्णाच्या मांडीतील ऊतीची किंवा सिलिकॉनची असते. जास्तीची कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेला 'ब्लेफरोप्लास्टी' म्हणतात. भुवई उचलताना कधी तिच्या लगेच वर छेद घेतात, तर कधी केसांच्या आत लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने कपाळ वर ओढतात. भुवईला खाली खेचणारे स्नायू इंजेक्शनने काही महिन्यांपुरते शिथिल करण्याची पद्धतही आहे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. पापणी अचानक झुकली, सोबत एकाची दोन दृश्ये दिसू लागली, तीव्र डोकेदुखी झाली किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर हा सौंदर्याचा किंवा म्हातारपणाचा प्रश्न नसतो. मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा हेही त्याचे कारण असू शकते. अशा वेळी मसला विचारत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. संध्याकाळ होईल तशी पापणी अधिक झुकत असेल, तर तो 'मायस्थेनिया' नावाचा स्नायूंचा आजार असू शकतो. त्यात आधी शस्त्रक्रियेची नव्हे, औषधांची गरज असते.

निषेधाचे वचन गंभीरपणे घेऊ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पवित्र कुरआनच्या सूरह अन-निसाच्या ११९व्या आयतीत सैतानाची प्रतिज्ञा सांगितली आहे. आपण माणसांना आज्ञा करू आणि ते अल्लाहच्या निर्मितीत फेरबदल करतील, अशा आशयाचे हे निवेदन आहे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस तर आपल्या विषयाच्या अगदी जवळ आहे. गोंदणाऱ्या व गोंदवून घेणाऱ्या, चेहऱ्यावरचे केस उपटणाऱ्या व सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा तीत निषेध आहे. चेहऱ्यावरचे केस म्हणजे प्रामुख्याने भुवया, असे अनेक विद्वानांनी स्पष्ट केले आहे.

म्हणजे भुवई ही बाब क्षुल्लक नाही. हे वचन बाजूला सारून "काळ बदलला आहे" असे म्हणणे आपल्याला शोभत नाही. परंतु वचन गंभीरपणे घेणे म्हणजे ते पूर्ण वाचणे. या हदीसमध्ये दात कोरण्याच्या कृतीला 'सौंदर्यासाठी' हे विशेषण जोडलेले आहे. हदीसच्या अनेक भाष्यकारांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की, हीच कृती उपचारासाठी किंवा दोष दूर करण्यासाठी असेल तर ती या निषेधाच्या कक्षेत येत नाही.

त्याच्या जोडीला दुसरी हदीस ठेवा. ह. अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक अज्ञानकाळातील कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. ही हदीस अबू दाऊद व तिरमिजी यांनी नोंदवली आहे. जरा विचार करा. पुरुषांसाठी सोने परिधान करणे निषिद्ध आहे, तरीही येथे सोन्याची मुभा मिळाली. श्वास तर नाक नसतानाही चालू होता. मग त्यांना काय परत मिळाले? माणसांत बसण्या-उठण्याची प्रतिष्ठा परत मिळाली. गमावलेले परत मिळवणे आणि मिळालेले नाकारणे या दोन गोष्टींत फरक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

मुस्लिम वैद्यांची परंपराही हेच दाखवते. दहाव्या-अकराव्या शतकात कॉर्डोबाचे अल-जहरावी यांनी आपल्या 'अत-तसरीफ' या ग्रंथात सैल पडलेल्या पापणीवर छेद घेऊन करावयाच्या उपचाराचे वर्णन केले आहे. बगदादचे अली बिन ईसा यांनी नेत्ररोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या लोकांनी पापणीवर शस्त्र चालवणे म्हणजे निर्मितीशी वैर मानले नाही.

"अल्लाहने असेच घडवले आहे"

आता त्या बालकाकडे वळू. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात श्रद्धा आहे, तिचा आदर केलाच पाहिजे. परंतु तिचा निष्कर्ष बरोबर नाही.

आजार अल्लाहच्या नियतीने येतो हे खरेच आहे. पण उपाय कोणाच्या नियतीने येतो? औषधाने नियती टळते काय, असे विचारले गेले तेव्हा औषध हीदेखील अल्लाहच्या नियतीतलीच गोष्ट आहे, असे उत्तर प्रेषितांनी (स.) दिल्याचे तिरमिजीत नोंदले आहे. शाम प्रदेशात प्लेग पसरला तेव्हा ह. उमर (रजि.) सर्ग येथून माघारी फिरले. अल्लाहच्या नियतीपासून पळता आहात काय, असे ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारताच त्यांनी सांगितले की, आपण अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेल्या बाळाचा ओठ आपण शिवून घेतो. जन्मजात मोतीबिंदू काढून घेतो. मग पापणीच्या बाबतीतच हात का आखडावा?

येथे वेळेलाही महत्त्व आहे. मूल जन्मते तेव्हा त्याला पूर्ण दृष्टी नसते. मेंदू पाहायला शिकत असतो. हे शिक्षण साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत चालते. या काळात झुकलेल्या पापणीने बाहुली झाकली गेली किंवा पापणीच्या दाबाने नंबर वाकडा झाला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात. पुढे विसाव्या वर्षी पापणी कितीही सुंदर उचलली, तरी गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. म्हणून बाहुली झाकली जात असेल तर डॉक्टर शस्त्रक्रिया लवकर करतात. नसेल तर नियमित तपासणी करीत शाळापूर्व वयापर्यंत थांबू शकतात.

मूल आपल्याकडे अमानत आहे. ते स्वतः निर्णय घेऊ शकत नाही. त्याच्या वतीने संयम पाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अंधत्वावर धीर धरणाऱ्यासाठी जन्नतची शुभवार्ता आहे, ही गोष्ट बुखारीच्या हदीसमधून आपल्याला ठाऊक आहे. पण ती शुभवार्ता टाळता न येणाऱ्या संकटात धीर धरणाऱ्यासाठी आहे. ज्याची दृष्टी वाचवता आली असती अशा मुलाच्या पालकांना ती लागू करता येणार नाही.

म्हातारपण हा आजार आहे काय?

दादीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्या हदीसमध्ये उपचार घेण्याचा आदेश आहे, तिच्यातच एक अपवादही आहे. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याचे औषध ठेवले, मात्र एका गोष्टीला औषध ठेवले नाही आणि ती म्हणजे वार्धक्य. सूरह अर-रूमच्या ५४व्या आयतीतही दुर्बलतेतून सामर्थ्य आणि सामर्थ्यानंतर पुन्हा दुर्बलता व पांढरे केस असा जीवनक्रम सांगितला आहे.

मग कोणी म्हणेल की, दादीची पापणी वयाने झुकली असल्यामुळे तिला उपाय शोधणे व्यर्थ आहे. असे म्हणण्यात घाई आहे. वार्धक्याला औषध नाही याचा अर्थ वृद्धाच्या वेदनेला औषध नाही असा होत नाही. मोतीबिंदूही वयानेच होतो. दात वयाने पडतात, गुडघे वयाने झिजतात. या कशावरही आपण 'म्हातारपण आहे, राहू द्या' म्हणून थांबत नाही. दादी काळाला मागे फिरवायला निघालेली नाही. तिला कुरआनची ओळ पाहायची आहे, जिन्याची पायरी पाहायची आहे. शिवाय हा अडथळा मोजता येतो. आधी पापणी तशीच ठेवून आणि नंतर चिकटपट्टीने वर धरून दृष्टिक्षेत्राची चाचणी घेतात. दोन्ही नकाशांत मोठा फरक पडला, तर कातडीने खरोखरच नजर अडवली आहे हे दिसून येते. अशा दादीला आम्ही नम्रपणे म्हणू की, अम्मा, तुम्ही चेहरा बदलून अल्लाहसमोर जाणार नाही. त्याने दिलेला डोळा त्याच्याच कामासाठी मोकळा करून जाल.

पण हीच शस्त्रक्रिया दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने केवळ साठीचे वय पन्नाशीचे दिसावे म्हणून करून घेतली, तर? तिचा झगडा अडथळ्याशी नसून आयुष्याच्या त्या क्रमाशीच आहे, जो कुरआनने सांगितला. येथे आपण थांबले पाहिजे. तरीही इस्लाम नीटनेटकेपणाच्या विरोधात नाही. मक्का विजयाच्या दिवशी ह. अबू बक्र (रजि.) यांचे वृद्ध पिता अबू कुहाफा यांना आणले गेले. त्यांचे शुभ्र केस पाहून प्रेषितांनी (स.) त्यांचा रंग बदलण्यास सांगितले आणि काळा रंग टाळण्याची सूचना केली, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. वृद्धाने स्वतःला सजवावे, पण आपण वृद्ध नाही असे भासवू नये, ही मर्यादा या एका प्रसंगात किती सुंदर रीतीने आखली गेली आहे!

मधला प्रदेश

सर्वच प्रकरणे इतकी स्पष्ट नसतात. अपघातात भुवई फाटलेला तरुण आहे. चेहऱ्याच्या अर्धांगवायूने एक बाजू उतरलेली स्त्री आहे. यांची दृष्टी कदाचित अडत नसेल, पण लोकांच्या नजरा त्यांना घराबाहेर पडू देत नाहीत. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथील अधिवेशनात या विषयावर ठराव केला आहे. अवयवाचे कार्य किंवा मूळ रूप परत मिळवणे, जन्मजात अथवा अपघाताने आलेला दोष सुधारणे आणि शारीरिक वा मानसिक त्रास देणारी विद्रूपता दूर करणे त्याने वैध ठरवले. मात्र निव्वळ हौसेपोटी किंवा दुसऱ्यांच्या अनुकरणातून निरोगी रूप बदलणे त्याने वैध मानले नाही.

'मानसिक त्रास' हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे, कारण प्रत्येक अतृप्त इच्छा मनाला त्रास देतेच. म्हणून स्वतःला काही प्रश्न विचारा आणि उत्तर देताना डॉक्टरला किंवा घरच्यांना नव्हे, तर अंतःकरणातले जाणणाऱ्या अल्लाहला देत आहोत असे समजा. माझ्या डोळ्यांत असे काही आहे काय, जे सर्वसाधारण माणसांच्या डोळ्यांत नसते? जगात आरसा आणि कॅमेरा नसता, तरी मला हा त्रास झाला असता काय? मी जे लपवतो आहे, ते समोरच्याला, विशेषतः विवाह ठरवणाऱ्याला, सांगायला मी तयार आहे काय? या खर्चासाठी मी व्याजाचे कर्ज काढणार आहे काय, किंवा कोणाचा हक्क अडवणार आहे काय?

तिसऱ्या प्रश्नामागे एक हदीस आहे. आजारात केस गळालेल्या एका नववधूला दुसऱ्याचे केस जोडण्याची परवानगी प्रेषितांकडे (स.) मागितली गेली आणि ती मिळाली नाही. कोणी म्हणेल, तिचा दोष तर आजारानेच आला होता, मग तिला मुभा का नाही? अनेक विद्वानांचे उत्तर असे आहे की, जोडलेले केस दोष दूर करीत नव्हते, तो झाकत होते. उपचार आणि फसवणूक यांतील रेषा येथे आहे. उपचाराने सत्य बदलते, फसवणुकीने फक्त दिसणे बदलते.

आणि जोखमीचा विचारही याच तराजूत टाकावा. पापणी गरजेपेक्षा जास्त उचलली गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही. मग बुबुळ कोरडे पडते, त्यावर जखम होऊ शकते. दोन्ही डोळे सारखे न दिसणे, पुन्हा शस्त्रक्रिया लागणे हेही घडते. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाणे ही दुर्मीळ, पण खरी जोखीम आहे. दृष्टी वाचवण्यासाठी जोखीम घेणे समजण्यासारखे आहे. कौतुकासाठी दृष्टी पणाला लावणे समजण्यासारखे नाही. विशिष्ट प्रकरणात डॉक्टरांचा लेखी अहवाल घेऊन विश्वासू मुफ्तींना विचारावे आणि अहवाल आपल्या मनासारखा लिहून मागू नये.

ज्यांना शस्त्रक्रिया करावी लागते त्यांनी इबादतीची चिंता करू नये. जखमेला पाणी लागू द्यायचे नसेल तर मसह किंवा तयम्मुमची सवलत आहे. काही दिवस डोके खाली झुकवण्यास मनाई असेल तर बसून इशाऱ्याने सजदा करता येतो. उत्तम स्त्री डॉक्टर उपलब्ध असतील तर स्त्रियांनी त्यांना प्राधान्य द्यावे. नसतील तर गरजेपुरती मुभा आहे.

त्या मुलीला कोणी आजारी केले?

शेवटी तिसऱ्या घराकडे जाऊ. त्या तरुणीला आपण सहज सांगू की, तुझे डोळे निरोगी आहेत, तू शस्त्रक्रिया करू नकोस. तेवढे सांगून आपले कर्तव्य संपते काय? 'डोळे झोपाळू दिसतात' हे वाक्य तिच्या घरी कोणी आणले? सूरह अल-हुजुरातच्या ११व्या आयतीत पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची थट्टा करू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. आपण वधू पाहायला जातो तेव्हा तिची नमाज, तिचे ज्ञान, तिचा स्वभाव आपल्या प्रश्नांत शेवटी येतो आणि नाक-डोळे आधी येतात. मग तीच मुलगी शस्त्रक्रियेची छायाचित्रे पाहू लागली की, आपण तिला निर्मितीतील फेरफाराची हदीस ऐकवतो! अल्लाह रूपाकडे व संपत्तीकडे नव्हे, तर अंतःकरणाकडे व कर्माकडे पाहतो, ही हदीस आधी पाहुण्यांसाठी आहे, मगच त्या मुलीसाठी.

बुखारी व मुस्लिममध्ये बनी इस्राईलमधील तीन माणसांची कथा आहे. एक कुष्ठरोगी, एक टकला आणि एक अंध. देवदूत आला, त्याने प्रत्येकाला हवे ते विचारले आणि अल्लाहने तिघांना बरे करून संपत्ती दिली. बरे होण्याची इच्छा धरली म्हणून कोणाचीही निंदा झाली नाही. परीक्षा नंतर झाली. तोच देवदूत गरजू बनून आला तेव्हा पहिले दोघे आपले जुने दिवस नाकारून बसले. ज्याला दृष्टी मिळाली होती, तो मात्र म्हणाला की, मी आंधळा होतो, अल्लाहने मला दृष्टी दिली, तुला हवे ते घे.

वाचकहो, पापणी उचलावी की नाही, हा प्रश्न शस्त्रक्रियागृहाच्या दारात संपतो. उचललेल्या पापणीखालून आपण काय पाहणार, हा प्रश्न त्यानंतर आयुष्यभर चालतो. अल्लाहने पापणीला दोन कामे दिली आहेत. उघडून त्याच्या निशाण्या आणि गरजूंचे चेहरे पाहायचे आणि जे पाहू नये त्यापुढे झुकायचे. ज्याची पापणी झुकत नाही तोही एका अर्थाने रुग्णच आहे आणि त्या रोगावर कोणताही शल्यविशारद इलाज करू शकत नाही.

अल्लाह आपल्या रुग्णांना स्वास्थ्य देवो, आपल्या मुलांची दृष्टी सुरक्षित राखो आणि आपल्याला गरज व हौस यांतील फरक ओळखण्याची बुद्धी देवो. आमीन.